संगणक कक्षासाठी एसएमपीएसची निवड : प्रकल्प नोंदी

६ मे २०२४, सोमवार

नागपूरच्या महाल भागातील आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या संगणक कक्षातले एसएमपीएस, म्हणजे सॉकेटमधल्या विजेतून संगणकाला लागणारी कमी व्होल्टेजची वीज देणारे डबे, टप्प्याटप्प्याने बदलायचे ठरले असून, कोणता नग घ्यावा याची शिफारस करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तक्रार एकच आहे आणि ती उन्हाळ्यातच येते. संध्याकाळी यंत्रे आपोआप रीस्टार्ट होतात आणि विद्यार्थ्यांचे जतन न केलेले काम जाते. कक्ष सांभाळणाऱ्या मुलाने ती नेमक्या शब्दांत सांगितली : "सर, खालच्या मजल्यावरचे कूलर चालू झाले का यूपीएस टक करते, अन् दोन-तीन पीसी रीस्टार्ट होऊन राहिले." यूपीएसची ही 'टक' महत्त्वाची आहे, कारण वीज गेलेली नसतानाही यंत्र बंद पडते, असा तिचा अर्थ होतो. तपासाची सुरुवात मी तिथूनच करणार आहे.

कक्ष वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली आहे. दुपारी तीन वाजता कूलर चालू असतानाही टेबलाच्या उंचीवर ३९ अंश तापमान होते. कॅबिनेट जुन्या धाटणीचे असून त्यांत एसएमपीएस वरच्या बाजूला बसतो आणि प्रोसेसरवरून तापून आलेली हवा आत ओढतो. त्याच्या पंख्याच्या तोंडाशी मोजलेले तापमान ४७ अंश भरले. खोक्यावर छापलेली कार्यक्षमता साधारण २३ अंशांच्या खोलीत मोजलेली असते, तेव्हा आमच्या निवडीत हा फरक पहिल्यापासून धरावा लागेल.

९ मे, गुरुवार

बर्डीच्या बाजारातून चाचणीसाठी दोन नवे नग आणले. नोंदींत त्यांना 'ब' आणि 'क' म्हणतो. कक्षातला जुना नग 'अ'. उत्पादकांची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण मला नग पारखायचा आहे, नाव नाही. दोन्ही नवे नग ५५० वॅटचे आहेत, दोन्हींवर ॲक्टिव्ह पीएफसी (मेन्समधून प्रवाह सलग ओढला जावा म्हणून घातलेले सर्किट) असल्याचे लिहिले आहे आणि दोन्हींवर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचे चिन्ह व 'आर'ने सुरू होणारा क्रमांक आहे. 'क' हा 'ब'पेक्षा बराच स्वस्त आहे.

आज फक्त लेबले वाचली, आणि तेवढ्यातही पुष्कळ कळले. जुन्या 'अ'वर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिले आहे, पण खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रेलला, म्हणजे त्या व्होल्टेजच्या आउटपुटला, केवळ १८ अँपिअर दिले आहेत, म्हणजे २१६ वॅट. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रेलवर दाखवून बेरीज फुगवली आहे. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टमधूनच घेतात, त्यामुळे आमच्या कामासाठी 'अ' हा नग जेमतेम सव्वादोनशे वॅटचा आहे. 'ब'वर १२ व्होल्टला ४३ अँपिअर, म्हणजे ५१६ वॅट दिले आहेत. 'क'वर ४१ अँपिअर, म्हणजे ४९२. एसएमपीएस घेताना दुकानदाराने कितीही मोठा आकडा सांगितला, तरी आधी हा एक गुणाकार करावा.

लेबलावरचा दुसरा फरक बारीक अक्षरांत होता. 'ब' पूर्ण भार ५० अंशांपर्यंत देईल असे उत्पादक म्हणतो. 'क'चा उत्पादक ४० अंशांचे नाव घेतो. ज्या शहरात मे महिन्यात सावलीतला पारा पंचेचाळिशी गाठतो, तिथे ही ओळ खोक्यावरच्या कोणत्याही चमकदार पट्टीपेक्षा अधिक मोलाची आहे.

१३ मे, सोमवार

भार कसा द्यायचा हा प्रश्न होता. मदरबोर्डला जाणाऱ्या जोडणीतली हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरला की एसएमपीएस चांगला, अशी समजूत दुरुस्तीच्या दुकानांतून सर्रास दिसते. त्या जोडणीने नग सुरू होतो एवढेच सिद्ध होते, कारण त्या वेळी त्याच्यावर भार जवळजवळ नसतोच.

इलेक्ट्रॉनिक लोड, म्हणजे हवा तेवढा भार देणारे उपकरण, आमच्याकडे नाही. म्हणून ऑटो पार्टच्या दुकानातून गाडीचे १२ व्होल्टचे हॅलोजन दिवे आणून ते लाकडी फळीवर बसवले आणि प्रत्येकाला स्वतंत्र बटण दिले. स्वतंत्र बटणाला कारण आहे. थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या साधारण एक दशांश किंवा त्याहूनही कमी असतो. सगळे दिवे एकदम लावले, तर पहिल्या क्षणी प्रवाह इतका उसळतो की चांगला एसएमपीएससुद्धा ओव्हरकरंट समजून बंद होतो आणि आपण विनाकारण त्याला दोष देतो. ५ आणि ३.३ व्होल्टसाठी प्रत्येकी १ ओहमचे वायरवाउंड रेझिस्टर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवले. त्यांतून अनुक्रमे ५ आणि ३.३ अँपिअर जातात. दिव्यांवर लिहिलेले वॅट हिशेबात धरलेले नाहीत, प्रवाह डीसी क्लॅम्प मीटरने मोजला आहे. १२ व्होल्टवर २२ अँपिअर धरून एकूण भार सुमारे ३०० वॅट होतो, आणि नवे ग्राफिक्स कार्ड बसवलेल्या आमच्या यंत्राची कमाल मागणीही तेवढीच आहे. 'अ'ला मात्र २०० वॅटच दिले, त्यापुढे त्याच्याकडून अपेक्षा करणे योग्य नव्हते.

सकाळी, खोली ३३ अंशांवर असताना घेतलेली मापे अशी : 'ब'ची १२ व्होल्टची रेल हलक्या भारावर १२.०८ आणि ३०० वॅटवर ११.९७ राहिली. 'क'ची १२.११ वरून ११.८२ वर आली. संगणकाच्या एसएमपीएससाठी असलेल्या एटीएक्स मानकानुसार पाच टक्क्यांची सूट, म्हणजे ११.४० ते १२.६० चालते, तेव्हा दोघेही मर्यादेत आहेत. 'अ' २०० वॅटवर ११.४६ वर टेकला आणि त्याच वेळी त्याची ५ व्होल्टची रेल ५.२१ पर्यंत चढली. एक खाली आणि दुसरी वर, हे योगायोगाने होत नाही. जुन्या रचनेत दोन्ही रेलचे नियमन एकाच फीडबॅकवर चालते. भार फक्त १२ व्होल्टवर आला की सर्किट दोन्हींना मिळून वर ओढते, आणि हलकी असलेली ५ व्होल्टची रेल जास्त चढते.

१६ मे, गुरुवार

वीज आत किती जाते हे आज मोजले. ३०० वॅट बाहेर देताना 'ब'ने ३४५ वॅट घेतले, म्हणजे कार्यक्षमता सुमारे ८७ टक्के. 'क'ने ३५७ घेतले, म्हणजे ८४. 'अ'ने २०० वॅटसाठी २७० घेतले, म्हणजे ७४ टक्के. उरलेले ७० वॅट कॅबिनेटमध्ये उष्णता म्हणून राहतात आणि ती खोलीबाहेर काढण्याचे काम पुन्हा कूलरवर पडते.

पॉवर फॅक्टरचा, म्हणजे ओढलेल्या प्रवाहातला किती भाग प्रत्यक्ष कामी येतो त्याचा, आकडा मला जास्त बोलका वाटला. 'ब'चा ०.९८ आणि 'अ'चा ०.६२. सॉकेटवर २०० व्होल्ट असताना 'अ' २७० वॅटसाठी सुमारे २.२ अँपिअर ओढतो, तर 'ब' ३४५ वॅटसाठी १.८ पेक्षाही कमी. म्हणजे कमी काम करणारा नग वायरिंगवर जास्त बोजा टाकतो, आणि तोही सलग न टाकता व्होल्टेजच्या शिखरापाशी टोकदार धक्क्यांनी टाकतो.

केंद्राचे इलेक्ट्रिशियन काका संध्याकाळी थांबले, म्हणून मुख्य बोर्ड आणि कक्षातले सॉकेट यांची मापे एकाच वेळी घेता आली. सात वाजता मुख्य बोर्डावर २१९ व्होल्ट होते आणि कक्षात १९६. मधले तेवीस व्होल्ट इमारतीच्या आतच जातात. वायर जुनी आणि बारीक आहे, आणि तिच्यावरच तीन मजल्यांचे कूलर आहेत. काका म्हणाले, "सर, एसएमपीएस बदला, पण वरची लाइनही वेगळी ओढून घ्या. नाही तर नव्याला पण हाच त्रास." ही सूचना शिफारशीत घालणार आहे.

२१ मे, मंगळवार

संध्याकाळच्या रीस्टार्टचे कारण आज हिशेबाने आणि मापाने, दोन्ही प्रकारे हाती आले. या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाची नोंद हीच असल्यामुळे सविस्तर लिहितो.

वीज क्षणभर तुटली तरी एसएमपीएस काही मिलिसेकंद तग धरतो, तो आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेल्या ऊर्जेवर. ही ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून व्होल्टेज थोडे उतरले तरी साठा फार घटतो. चाचणीसाठी आणलेले नग वॉरंटी सोडून उघडले. नग प्लगमधून काढल्यावरही या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहतो. तो साध्या तंतूच्या दिव्यातून उतरवला, मीटरने शून्याजवळ आल्याची खात्री केली आणि मगच हात घातला. ज्याला हे करण्याचा सराव नाही त्याने एसएमपीएस उघडूच नये.

'अ'मध्ये ४७० मायक्रोफॅरड, २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर एकामागोमाग जोडलेले आहेत, म्हणजे प्रत्यक्षात २३५ मायक्रोफॅरड. त्यात पीएफसी नाही, त्यामुळे कपॅसिटर मेन्सच्या शिखर व्होल्टेजइतकाच भरतो. २३० व्होल्ट असताना शिखर ३२५ असते, आणि २२० व्होल्ट डीसीपर्यंत रेल टिकतात असे धरले तर ६.७ जूल वापरता येतात. २०० वॅट भाराला आतली मागणी साधारण २६७ वॅट धरल्यास तग २५ मिलिसेकंदांचा निघतो. संध्याकाळी १९६ व्होल्टला शिखर २७७ वर येते, ऊर्जा ३.३ जूलवर घसरते आणि तग साडेबारा मिलिसेकंदांचा उरतो. व्होल्टेज पंधरा टक्के उतरले आणि तग निम्म्यावर आला.

तोही शिखरापासून मोजलेला आहे. ५० हर्ट्झच्या विजेत दोन शिखरांमध्ये १० मिलिसेकंद असतात, आणि त्यांतला बहुतेक काळ यंत्र या कपॅसिटरवरच चालते. वीज पुढच्या शिखराच्या अगदी आधी तुटली, तर सात-आठ मिलिसेकंदांचा साठा आधीच खर्च झालेला असतो आणि हातात जेमतेम पाच उरतात. आमचे यूपीएस लाइन इंटरॲक्टिव्ह प्रकारचे आहेत. व्होल्टेज खाली आले की ते रिलेने बूस्टवर, म्हणजे व्होल्टेज वाढवून देण्यावर, जातात आणि आणखी घसरले तर बॅटरीवर. अशा यूपीएसचा बदलाचा वेळ साधारण ४ ते १० मिलिसेकंद असतो. पाच मिलिसेकंदांचा तग असलेल्या यंत्राला तेवढा खंड सोसत नाही. 'टक' ऐकू येणे आणि सगळीच यंत्रे न पडता दोन-तीनच पडणे, या दोन्हींचा उलगडा यात होतो. ज्या यंत्राच्या यूपीएसचा बदल शिखराच्या आधी घडतो, किंवा ज्याचे कपॅसिटर वयाने उतरले आहेत, ते पडते. 'अ'चा एक कपॅसिटर डोक्याला फुगलेला होता आणि मीटरवर त्याची क्षमता छापील आकड्यापेक्षा बरीच कमी भरली.

'ब' आणि 'क'मध्ये ॲक्टिव्ह पीएफसी आहे. त्यात एक बूस्ट सर्किट कपॅसिटर सुमारे ३८० व्होल्टवर धरून ठेवते, मग मेन्स २३० असो की १९६. त्यामुळे संध्याकाळ झाली म्हणून तग कमी होत नाही. साठा मात्र सारखा नाही. 'ब'मध्ये ३९० मायक्रोफॅरड आहेत आणि 'क'मध्ये २२०. ३८० पासून ३०० व्होल्टपर्यंतची ऊर्जा काढली तर 'ब'ला १०.६ जूल मिळतात आणि 'क'ला जेमतेम ६. तीनशे वॅटला 'ब' ३२ मिलिसेकंद टिकेल, 'क' १८. पूर्ण ५५० वॅटवर 'ब' १७ च्या आसपास आणि 'क' दहाच्याही किंचित खाली. एटीएक्सच्या अलीकडच्या आराखड्यात पूर्ण भारावर किमान १२ मिलिसेकंद अपेक्षित आहेत. म्हणजे 'क'चा ५५० हा आकडा या कसोटीवर टिकत नाही.

हिशेब पडताळण्यासाठी ओळखीच्या प्रयोगशाळेतून ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारे उपकरण) आणला. एका चॅनलला लहान ट्रान्सफॉर्मरमधून उतरवलेली मेन्स दिली आणि दुसऱ्याला राखाडी वायर, म्हणजे रेल ठीक असल्याचे मदरबोर्डला कळवणारा पॉवर ओके संकेत. मेन्स तुटल्यापासून हा संकेत पडेपर्यंतचा काळ 'ब'ला ३०० वॅटवर २९ मिलिसेकंद आला, 'क'ला १६. रेल कोसळण्याच्या किमान एक मिलिसेकंद आधी हा संकेत पडायला हवा, म्हणून हिशेबापेक्षा माप थोडे कमी येणे रास्तच आहे.

२२ मे, बुधवार

स्कोप हाताशी आहे तोवर रिपल, म्हणजे डीसी व्होल्टेजवर उरलेला बारीक चढउतार, मोजून घेतला. मानक १२ व्होल्टला १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ व्होल्टला ५० मिलिव्होल्ट शिखर ते शिखर इतकी मुभा देते. मापताना टोकाशी १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावायचा आणि स्कोपची बँडविड्थ २० मेगाहर्ट्झवर बांधायची. प्रोबची लांब अर्थ क्लिप वापरली तेव्हा तिन्ही नगांवर काटेरी झुडूप दिसत होते. क्लिप काढून प्रोबच्या उघड्या धातूच्या गळ्याला तांब्याच्या तारेचे दोन वेढे दिले आणि तिचे टोक थेट काळ्या वायरवर टेकवले, तेव्हा पडद्यावर स्वच्छ रेघ आली. क्लिपचा वेटोळा हवेतला गोंधळ उचलत होता.

१२ व्होल्टवर 'ब'चा रिपल ३४ मिलिव्होल्ट, 'क'चा ७४ आणि 'अ'चा १३५. 'अ' मर्यादेबाहेर आहे. 'क' मर्यादेत आहे, आणि तसे नोंदवणे हा त्याच्यावरचा न्याय आहे.

२७ मे, सोमवार

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला आहे. ज्या चाचणीसाठी थांबलो होतो ती आज घेतली. प्रत्येक नवा नग कक्षातल्याच जुन्या कॅबिनेटमध्ये, त्याच वरच्या जागी बसवून दुपारी ३०० वॅटच्या भारावर चालू ठेवला. कॅबिनेटबाहेर ४१ अंश आणि पंख्याच्या तोंडाशी ४९ ते ५० अंश होते.

'ब' दोन तास चालला. पंख्याचा आवाज वाढला, मागून निघणारी हवा ५८ अंशांवर स्थिरावली आणि १२ व्होल्टची रेल ११.९४ वर राहिली. 'क'ची बाहेरची हवा चढत चढत ७१ अंशांवर गेली आणि साधारण चाळीस मिनिटांनी तो बंद झाला. थंड झाल्यावर पुन्हा सुरू झाला. त्याचे तापमान संरक्षण चोख आहे हे मान्य करायला हवे, जळण्यापेक्षा बंद पडणे केव्हाही बरे. पण परीक्षेच्या वेळी बंद पडणारे यंत्र आम्हाला नको आहे. सकाळच्या ३३ अंशांत हे दोन नग जवळजवळ बरोबरीचे वाटत होते; निवड तेवढ्यावर केली असती तर स्वस्त तोच घेतला गेला असता.

'क'च्या दुय्यम, म्हणजे आउटपुटच्या, बाजूचे काही कपॅसिटर ८५ अंशांच्या श्रेणीचे आहेत, 'ब'चे सगळे १०५ अंशांचे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मे होते, हा या क्षेत्रातला सर्वमान्य ठोकताळा आहे. आमच्या खोलीत हा फरक काही उन्हाळ्यांतच दिसून येईल.

१ जून, शनिवार

या आठवड्यात शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश नोंदवले आणि देशभर चर्चा झाली. नंतर तो आकडा संवेदकातील बिघाडामुळे आल्याचे हवामान विभागाने स्पष्ट केले. बातमी वाचून मी माझे तापमापक पुन्हा तपासून घेतले. बर्फाच्या पाण्यात अर्धा अंश आणि उकळत्या पाण्यात एक अंश एवढाच फरक निघाला, त्यामुळे २७ तारखेची मापे ग्राह्य धरतो. मल्टिमीटरही दुसऱ्या मीटरशी ताडून पाहिला.

'ब' प्रत्यक्ष यूपीएसवरही तपासला. बॅटरीवर गेल्यावर आमचे यूपीएस पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात, आणि ॲक्टिव्ह पीएफसी असलेले काही नग अशा लहरीवर अडखळतात. 'ब'मधून बॅटरीवर असताना बारीक गुणगुण ऐकू आली, पण १५० आणि ३०० वॅट, दोन्ही भारांवर तो एकदाही थांबला नाही. बूस्टच्या 'टक'चा तर त्याच्यावर काहीच परिणाम दिसला नाही.

५ जून, बुधवार

शिफारस दिली. सर्व यंत्रांना 'ब' घ्यावा. 'क' आणि 'ब'च्या किमतीतला फरक रीस्टार्टमुळे वाया जाणाऱ्या तासांपुढे थोडा आहे, असे मी स्पष्ट लिहिले आहे. निधी एकाच वेळी मिळणार नसेल, तर ज्या यंत्रांत ग्राफिक्स कार्ड आहे ती आधी घ्यावीत. बाकीच्यांत 'क' बसवण्याचा पर्याय मी सुचवलेला नाही, कारण दोन प्रकारचे नग आले की पुढे केबलींची अदलाबदल होते. सुट्या केबलींच्या एसएमपीएसमध्ये एकाची केबल दुसऱ्यात बसली तरी पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि तशी केबल लावल्यास हार्ड डिस्क किंवा मदरबोर्ड जळतो.

सोबत तीन मागण्या जोडल्या आहेत. कक्षासाठी मुख्य बोर्डापासून वेगळी आणि जाड वायर ओढावी, आणि त्याच वेळी अर्थिंग तपासून घ्यावे. कूलरचा झोत कॅबिनेटच्या मागच्या बाजूवर थेट येऊ देऊ नये. त्याचे कारण, उघडलेल्या 'अ'मध्ये हीटसिंकच्या पट्ट्यांवर दमट धुळीचा थर चिखलासारखा वाळून बसला होता आणि हवेच्या फटी त्याने पार बुजल्या होत्या. काढलेले जुने नग कोणत्याही यंत्रात पुन्हा लावू नयेत, ते ई-कचऱ्यात द्यावेत. त्यांतल्या काहींना मागे ११५ आणि २३० चे लाल सरकते बटण आहे, आणि ते चुकून ११५ वर राहिले तर प्लग लावताक्षणी नग फुटतो.

नवे नग आल्यावर प्रत्येकावर बसवल्याची तारीख लिहायची आणि पहिल्या संध्याकाळी सात वाजता, कूलर चालू असताना, १२ व्होल्टचे माप घेऊन नोंदवहीत उतरवायचे, असे कक्ष सांभाळणाऱ्या मुलाला सांगितले आहे. माप ११.७ च्या खाली गेले तर तो नग वॉरंटीच्या मुदतीतच परत करायचा आहे.